अनुराधपूरला बोटीने जावं की विमानाने?

आमच्या वरोऱ्याकडे कापसाची उलंगवाडी झाली की कुठंतरी जाण्याच्या गोष्टी निघतात. यंदा विहारात विषय निघाला श्रीलंकेतल्या अनुराधपूरचा. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष तिथल्या महाबोधी वृक्षाच्या वंशातला, मग मूळ झाड एकदा पाहून यावं. आठ जण तयार झाले. त्यात दोन म्हाताऱ्या बाया, आणि समुद्र म्हणाल तर कोणीच पाहिलेला नाही. तरुण पोरं म्हणाली विमान, म्हातारे म्हणाले रेल्वे आणि बोट.

आधी नकाशा उघडा, कारण सगळा हिशोब तिथंच आहे. प्रवासी बोट तामिळनाडूतल्या नागपट्टिनमहून निघते आणि श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, जाफन्याजवळच्या कांकेसन्तुरै बंदरात लागते. विमान उतरतं कोलंबोजवळ. अनुराधपूर या दोघांच्या मधोमध, कोलंबो–कांकेसन्तुरै रेल्वेमार्गावरच आहे, दोन्हीकडून साधारण २०० किलोमीटर. फक्त कोलंबो-कँडी पाहायचं असेल तर बोट आडवळणाची. अनुराधपूरला जाणाऱ्याला ती सरळ वाटेवर पडते.

वेळेत मात्र विमानाला तोड नाही. चेन्नईहून कोलंबो जेमतेम सव्वा-दीड तास. बोटीच्या वाटेला दोन रात्री रेल्वेतच जातात. बल्लारशाहला तामिळनाडू एक्सप्रेस धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रल. तिथून सामान घेऊन एग्मोर स्टेशनला जायचं, कारण नागपट्टिनमवरून जाणारी रात्रीची कारैकाल एक्सप्रेस तिथून सुटते. पुढे समुद्रातलं अंतर सुमारे ११० किलोमीटर, चारेक तास. पूर्वीची बोट मेल हाच उद्योग एका तिकिटावर करायची: चेन्नईहून धनुष्कोडी, तिथून आगबोटीने श्रीलंकेतलं तलैमन्नार, पुढे पुन्हा गाडी. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळात धनुष्कोडीच बुडालं. आता रेल्वे, बोट, पलीकडची गाडी, सगळी तिकिटं वेगवेगळी काढायची आणि एक चुकलं की पुढचं आपणच सांभाळायचं.

बोटीची खरी अडचण वेळ नाही, भरवसा आहे. ही सेवा १४ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली आणि आठवडाभरात हवामानामुळे थांबली. १६ ऑगस्ट २०२४ ला नव्या बोटीने पुन्हा सुरू झाली, नोव्हेंबरात बंद पडली, ती थेट २०२५ च्या फेब्रुवारीअखेर निघाली. ईशान्य मोसमी वाऱ्यांचे महिने बोटीचे नव्हेतच. गंमत अशी की तेच आपल्या वेचणीचे महिने. चणा-गहू घरात आला की मार्च ते मे आपण मोकळे, आणि बोटही बहुधा चालू. पण वैशाख पौर्णिमेच्या दिवसांत तिकडे गाड्या आणि मुक्कामाच्या जागा भरून जातात. अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेचा पोसोन पौर्णिमेचा उत्सव जूनमध्ये असतो, पण मृग लागल्यावर शेतकरी घर सोडतो का?

बोट म्हणजे वैनगंगेतला डोंगा नव्हे. बंद एसी केबिन, सुमारे १५० माणसांची. तरी लाटा लागल्या की पोटात ढवळतं. म्हाताऱ्यांना निघण्याआधी हलकंच खाऊ द्या आणि ओकारीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. सामानाच्या वजनाचे नियम आणि भाडं बदलत राहतं, तिकीट काढतानाच वाचून घ्या. पासपोर्ट किमान सहा महिने चालेल असा हवा आणि प्रवेश परवाना निघण्याआधी ऑनलाइन काढायचा, हे दोन्ही वाटांना सारखंच.

मधली वाटही आहे: चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथून जाफन्याला विमान. तिथला पलाली विमानतळ कांकेसन्तुरैपासून हाकेच्या अंतरावर. बोट रद्द झाली तर हीच आपली दुसरी दोरी.

मला विचाराल तर जाताना बोट, येताना कोलंबोहून विमान. जाताना बोट अडली तर आपण नागपट्टिनमला आपल्याच देशात असतो. जवळच वेलांकण्णी आहे, तिथं यात्रेकरूंच्या खोल्या मिळतात, एक-दोन दिवस थांबता येतं. परतीची बोट अडली तर परदेशात खिशातली गंगाजळी संपते, आणि घरी परतीचं रेल्वे आरक्षण वाया. शिवाय उत्तरेतून उतरत अनुराधपूर करून कोलंबोला पोचलं की एकही रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. बोटीच्या आदल्या दिवशीच नागपट्टिनम गाठा, त्याच सकाळी पोचायच्या भरवशावर राहू नका.

पलीकडे उतरल्यावर गाडी हवी असेल तर ती चालू आहे का, हे निघण्याच्या आठवड्यात पाहा. नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळाने श्रीलंकेच्या रेल्वेचं मोठं नुकसान केलं. गाडी नसेल तर जाफन्याहून अनुराधपूरला बस आहे.

आमच्यातल्या एका आजीला एवढं सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "पण बावा, बोटीत खिडकी असते ना?"