आर्मेनियन टाइप करायचं तर: रोमनमधून फिरवून, की थेट फोनेटिक कीबोर्डवर?

पुतणी वैद्यकीय शिक्षणासाठी आर्मेनियाच्या राजधानीला, येरेवानला निघाली आहे. परवा तिचा फोन आला, "काका, तुम्ही आर्मेनियन टाइप करता ते नक्की कशावर? माझ्या लॅपटॉपवर तेच घालून द्या." तिचं शिकणं इंग्रजीतून होईल, पण वॉर्डात पेशंट आर्मेनियनच बोलणार आणि घरमालकिणीला निरोपही तिच्याच भाषेत पाठवावा लागणार. फोनवर एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. दोन्ही रस्ते मी स्वतः चाललो आहे. पहिल्यावर आठ-नऊ महिने होतो, दुसऱ्यावर आता तिसरं वर्ष चालू आहे.

पहिला रस्ता म्हणजे रोमन लिपीत लिहायचं आणि एखाद्या साइटवर ते आर्मेनियनमध्ये फिरवून घ्यायचं. आपण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, तसं आर्मेनियन लोकही सर्रास लिहितात. त्याला ते 'ट्रान्सलिट'च म्हणतात. दुसरा रस्ता म्हणजे विंडोजमध्ये आर्मेनियन फोनेटिक कीबोर्ड (शक्यतो मिळत्याजुळत्या उच्चाराच्या रोमन बटणावर आर्मेनियन अक्षर बसवलेला) चालू करायचा आणि प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र बटण दाबायचं.

रोमनच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते मी मनापासून सांगतो. काही घालावं लागत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर, सायबर कॅफेत, ऑफिसात, कुठेही चालतं. आकडे आकड्यांसारखे उमटतात. पहिल्याच दिवशी 'बारेव' (नमस्कार) लिहून पाठवता येतं आणि समोरून उत्तर आलं की जो हुरूप येतो तो मोठा असतो. ज्याला महिन्यातून चार ओळी लिहायच्या आहेत त्याने इथेच थांबावं, असं मी आजही सांगेन.

माझी अडचण झाली ती एका शब्दापाशी. पण त्याआधी थोडं 'च' विषयी.

मराठी माणसाला आर्मेनियन शिकताना एक देणगी आयतीच मिळालेली असते. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळा, 'जन' मधला ज आणि 'जड' मधला ज वेगळा, हे आपल्या कानाला लहानपणापासून कळतं. लिहिताना मात्र आपण दोन्हींना एकच अक्षर वापरतो. आर्मेनियनमध्ये या प्रत्येकाला वेगळं अक्षर आहे. चाऱ्यातला च, तोच च पण श्वासाच्या झोताने, जडातला ज, चारमधला च, छ आणि जनातला ज अशी सहा अक्षरं होतात. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक पकडायला महिने लागतात. मला पहिल्या आठवड्यात ऐकू आला. आमच्या बाई येरेवानहून व्हिडिओवर शिकवतात, त्यांनाही याचं नवल वाटलं होतं.

आता हे सहा आवाज रोमनमध्ये लिहा. चाऱ्यातल्या च साठी 'टी' आणि 'एस' लागोपाठ लिहितात. श्वास सोडलेल्यासाठी कोणी तेच लिहितं, कोणी 'सी' लिहितं, कोणी पुढे अपॉस्ट्रॉफी देतं. एका साइटची रीत दुसरीला चालत नाही. तरीही सवय होते, मला झालीही होती.

मग तो शब्द आला. आर्मेनियनमध्ये हृदयाला 'सिर्त' म्हणतात. 'माझं' म्हणायला शब्दाच्या शेवटी नुसता 'स' जोडतात. उच्चार होतो 'सिर्तस', पण त आणि स यांच्या मधला अ लिहीत नाहीत. लिहिताना त ला लागून सरळ स येतो. गाण्यांत, पत्रांत, रोजच्या बोलण्यात हा शब्द पावलोपावली भेटतो. मी बाईंना एक छोटं पत्र लिहिलं होतं, त्यात तो तीनदा होता. रोमनमध्ये शेवटी टी आणि एस लागोपाठ आले, साइटने ते एकच अक्षर समजून चाऱ्यातला च करून टाकला. तिन्ही ठिकाणी 'माझं हृदय' जाऊन तिथे काहीच अर्थ नसलेला शब्द बसला. आणि मी पत्र पाठवण्याआधी दोनदा वाचलं होतं. मला दिसलं नाही! बाईंनी कौतुक केलं, मग हळूच विचारलं, "हा शब्द तुमच्या भाषेतला आहे का?"

नंतर लक्षात आलं की ही एका शब्दाची गोष्ट नाही. ज्या शब्दाच्या शेवटी त आहे त्याला 'माझा' लावला की हेच होणार. 'तात' म्हणजे आजी. 'माझी आजी' लिहा, हाच घोटाळा. मी वापरत होतो त्या साइटवर मध्ये खूण टाकून दोन अक्षरं तोडता येत होती. पण खूण नेमकी कुठे टाकायची हे कळायला शब्दाची घडण आधीच माहीत असावी लागते, आणि शिकणाऱ्याला तीच तर माहीत नसते. ज्याची भाषा पक्की आहे त्याला रोमन पुरेल. त्याची चूक त्याला लगेच दिसते. माझी मला दिसत नव्हती.

त्याच आठवड्यात मी फोनेटिक कीबोर्ड चालू केला.

तोही गुणांचाच पुतळा आहे असं मी म्हणणार नाही. अक्षरं अडतीस आणि रोमन बटणं सव्वीस. (मेस्रोप माश्तोत्स यांनी साधारण ४०५ साली लिपी रचली तेव्हा छत्तीस होती, दोन पुढे आली.) उरलेली बारा कुठेतरी बसवायची, तर ती चौकटी कंसांवर आणि आकड्यांच्या ओळीत बसवली आहेत. एकवर ए, दोनवर थ, तीनवर फ, पाचवर ज, नऊवर छ. त्यामुळे आकडे गेले. मद्रासला १७९४ साली 'अझदरार' नावाचं जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक निघालं, त्याविषयी बाईंना लिहीत होतो. साल टाइप केलं तर पडद्यावर चार आकड्यांच्या जागी चार अक्षरं! बाजूला नंबर पॅड असलेला कीबोर्ड असेल तर प्रश्न मिटतो. लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून इंग्रजीवर जायचं, साल लिहायचं, परत यायचं. कंटाळवाणं आहे, पण चूक डोळ्यासमोर उभी राहते. सालाच्या जागी अक्षरं आली तर ती आंधळ्यालाही कळतील. सिर्तसचा च तसा कळत नव्हता. माझं पारडं फिरलं ते या एका गोष्टीने.

दुसरी अडचण र ची. आर्मेनियनमध्ये दोन र आहेत, एक साधा आणि एक जिभेवर घोळवलेला. इंग्रजी आरच्या बटणावर घोळवलेला बसला आहे आणि रोज लागणारा साधा र आठच्या बटणावर. पहिले पंधरा दिवस माझा प्रत्येक र घोळत होता. 'सिर्तस' लिहायचा तर एस, आय, आठ, टी, एस. आज हे बोटांनाच माहीत आहे, मला आठवावं लागत नाही. पाच बटणं दाबली, पाच अक्षरं उमटली. मधे कोणी माझ्या वतीने अंदाज बांधला नाही. आणि दुसरा फायदा मला नंतर कळला. रोमनमध्ये नऊ महिने लिहून मला आर्मेनियन शब्दांचं रोमन स्पेलिंग पाठ झालं होतं, आर्मेनियन स्पेलिंग नव्हतं. अक्षरासाठी स्वतंत्र बटण शोधायला लागल्यावर वाचनही सुधारलं. किती सुधारलं हे मी मोजलेलं नाही, पण बातमीचा मथळा मी आता बोट न ठेवता वाचतो.

विंडोजमध्ये टाइपरायटरची मांडणी आणि जुनी पूर्व व पश्चिम आर्मेनियन अशा मांडण्याही मिळतात. ज्याचं सगळं कामच या भाषेत होणार आहे त्याने त्या जरूर पाहाव्यात. मी पूर्वेची आठवडाभर वापरून सोडली. आकडे तिथेही सरळ मिळत नाहीत आणि मला नव्याने शिकावं लागत होतं, म्हणून त्याबद्दल ठाम मत देत नाही. पूर्व की पश्चिम, म्हणजे भाषेच्या दोन मुख्य रूपांपैकी कोणतं, हे मात्र आधी ठरवा. एकच अक्षर येरेवानला प वाचतात आणि पश्चिम आर्मेनियन बोलणारे ब वाचतात. एकाच स्पेलिंगचा माणूस इथे पेत्रोस, तिथे बेद्रोस. चुकीची मांडणी किंवा चुकीची साइट निवडली तर प-ब, त-द, क-ग सगळे उलटे होतात. पुतणीला पूर्वेचीच हवी. भारतातल्या जुन्या आर्मेनियन कुटुंबांपैकी बरीच इस्फहानजवळच्या नव्या जुल्फाहून आली, तीही पूर्वेच्याच बाजूची.

टाइप केलेलं वाचताही आलं पाहिजे, म्हणून फाँटविषयी थोडं. ओ, साधा र, घोळवलेला र, द आणि घशातला ग ही सगळी अक्षरं इंग्रजी लहान एनसारख्या कमानीवर उभी आहेत. फरक फक्त शेपटीचा. विंडोजचा सिल्फाएन देखणा आहे, छापलेल्या पानावर मला तोच आवडतो. पण पडद्यावर लहान आकारात त्या शेपट्या माझ्या डोळ्यांना निसटतात. नोटो सान्स आर्मेनियन घातल्यापासून तो त्रास कमी झाला. चष्म्याचा नंबर कमी असलेल्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. जुन्या आर्मेनियन साइटवर मात्र कुठलाच फाँट लावून उपयोग होत नाही. युनिकोडच्या आधी तिथे आर्मस्की नावाचं संकेतन (संगणकात प्रत्येक अक्षराला आकडा ठरवून देण्याची पद्धत) होतं आणि त्यातला मजकूर आज मात्रा-टिंबं लावलेल्या रोमन अक्षरांसारखा उमटतो. मराठीत आपण हे पुरेपूर भोगलं आहे, ज्या फाँटात टाइप केलं तो फाँट नसला की सगळं पान अगम्य. तिथे आधी युनिकोडमध्ये बदलून घेणं एवढाच इलाज.

विरामचिन्हांकडे रोमनवाले हमखास दुर्लक्ष करतात, मीही करत होतो. आर्मेनियन पूर्णविराम आपल्या विसर्गासारखा दिसतो. साइटवर लिहिताना सगळे इंग्रजी कोलन टाकून मोकळे होतात. डोळ्याला फरक कळत नाही, संगणकाला कळतो. प्रश्नचिन्ह तर वाक्याच्या शेवटी नसतंच. ज्या शब्दावर प्रश्नाचा जोर आहे त्याच्या आघाताच्या स्वरावर ते बसतं, म्हणजे शब्दाच्या पोटात. 'तू कशी आहेस' याला 'इन्चपेस एस', त्यात पे च्या डोक्यावर. त्यामुळे ब्राउझरमध्ये नुसता 'इन्चपेस' शोधला तर प्रश्नातला इन्चपेस माझ्याकडे सापडत नाही. इतकं सुंदर चिन्ह, पण शोधताना आड येतं. एक कॅपिटलचंही लक्षात ठेवावं. 'येव' हे जोडाक्षर सोव्हिएत काळातल्या लेखनसुधारणांनंतर आर्मेनियात स्वतंत्र अक्षर झालं आणि त्याचं मोठं रूप तिथे 'ये' आणि 'व' असं दोन अक्षरांत लिहितात. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात मात्र व च्या जागी जुन्या लेखनातलं अक्षर येतं. येरेवानचं नाव कॅपिटलमध्ये बदलायला सांगितलंत तर काही प्रोग्राम ते जुन्या वळणाने लिहून देतात. शीर्षक हाताने टाइप करणं बरं.

फोनवर हा सगळा वाद निम्म्याने मिटतो, कारण अक्षरं समोर दिसतात. फक्त बटणं फार बारीक.

तर पुतणीच्या लॅपटॉपवर मी फोनेटिक घातला आहे, नोटो घातला आहे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे: आठवर र, नऊवर छ, शून्यावर चारमधला च. घाईच्या वेळी असावी म्हणून रोमनची साइटही बुकमार्क करून ठेवली आहे, ती तिने वापरली तरी माझी तक्रार नाही. काल रात्री तिचा पहिला निरोप आला. दोनच शब्द, इन्चपेस एस, आणि पे च्या डोक्यावर चिन्ह बरोबर बसलेलं.