बिल्डमधला तात्पुरता पोस्टग्रेस: आठ महिने वापरल्यावर

मुंबईच्या उपनगरांतली काही वाचनालयं आमची ग्रंथनोंदणीची प्रणाली वापरतात. दादरच्या ऑफिसातून आम्ही तिचं डेबियन लिनक्ससाठी पॅकेज करून पाठवतो. पॅकेज बिल्ड होताना, म्हणजे कोडवरून तयार होताना, चाचण्या खऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतात, आणि तेवढ्यापुरता सर्व्हर उभा करायला गेले आठ महिने मी पीजी-व्हर्च्युअलएन्व्ह हे साधन वापरतोय.

चाचण्या एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर का नाही, असं बरेच जण विचारतात. कारण वर्णानुक्रम. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो. एसक्यूलाइट मुळात बाइट बघून क्रम लावतं, म्हणून ‘काळ’ हा शब्द ‘काही’च्या आधी येतो. ग्रंथपालाला अशी यादी देणं मला पटत नाही. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीची कोलेशनं, म्हणजे भाषेनुसार क्रम लावायचे नियम, आहेत. त्यातलं मराठीचं कोलेशन आम्ही वापरतो, तेव्हा चाचणीही तिथेच व्हायला हवी.

आधी आमची हाताने लिहिलेली स्क्रिप्ट होती. ती सर्व्हरचं सॉकेट (त्याच्याशी जोडणी करायची फाइल) प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि फोल्डरचं नाव देवनागरीत होतं. लिनक्सवर सॉकेटच्या पूर्ण पत्त्याला १०७ बाइटची मर्यादा आहे, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. पस्तीसेक चिन्हांतच मर्यादा संपते! त्या दिवशी स्क्रिप्ट सोडली आणि या साधनाकडे वळलो. हे साधन रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार नसतानाही चालतं, होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड सगळं एन्व्हायर्नमेंटमध्ये भरून ठेवतं आणि काम झालं की मागे काही सोडत नाही. पहिले पाच महिने मला त्याच्याकडे बघावंही लागलं नाही.

सहाव्या महिन्यात बिल्ड पडायला लागलं. रोज नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळेला. मुलुंडच्या वाचनालयात वार्षिक वर्गणीच्या पावत्या सोमवारपासून फाडायच्या होत्या आणि शनिवारी रात्री हातात पॅकेज नव्हतं. चाचणी पडली की पीजी-व्हर्च्युअलएन्व्ह सर्व्हरच्या लॉगचा शेवटचा भाग छापतं, ही त्याची मोठी सोय. पण त्या भागात एकच ओळ पुन्हापुन्हा होती: डेटाबेस रिकव्हरी मोडमध्ये आहे, म्हणजे क्रॅशनंतर सावरतोय. दर वेळी वेगळीच चाचणी पडायची, म्हणून दोन दिवस मी चाचण्यांचाच कोड तपासत बसलो.

शेवटी माझी सहकारी म्हणाली, “अरे, रिकव्हरी कशातून चाललीय, ते बघ ना आधी.” मग ‘-एस’ पर्याय लावून माझ्या मशीनवर, बिल्डला असते तेवढीच मेमरी ठेवून बिल्ड चालवलं. या पर्यायाने कमांड पडली की सर्व्हर जिवंत ठेवून त्याच वातावरणात शेल मिळतो. अख्खा लॉग उघडला आणि खूप वर ती ओळ सापडली: एक सर्व्हर प्रोसेस सिग्नल ९ ने संपली, म्हणजे बाहेरून जबरदस्तीने मारली गेली. बिल्डच्या मशीनवर, बिल्ड ज्या वेगळ्या कप्प्यात चालतं त्या कंटेनरच्या आत नाही, बाहेरच्या कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद होती.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते, पण मेमरीचा एक भाग सगळ्यांचा सामायिक. एक प्रोसेस अशी अचानक मारली गेली की तो भाग बिघडला असेल असं धरून मुख्य प्रोसेस बाकीची कनेक्शनंही तोडते आणि रिकव्हरी करून पुन्हा उभी राहते. म्हणजे मेमरी खाल्ली एका चाचणीने आणि पडल्या तिच्या शेजारच्या. दरम्यान त्यांचे कनेक्शनचे प्रयत्न लॉग भरत होते, मूळ कारण वर ढकललं जात होतं.

मेमरी संपायचं कारण मीच दिलं होतं. चाचण्या लवकर संपाव्यात म्हणून वर्क_मेम ही पोस्टग्रेसची मेमरीची मर्यादा मूळच्या ४ एमबीवरून २५६ केली होती. ही मर्यादा अख्ख्या सर्व्हरची नसते, प्रत्येक सॉर्टची वेगळी असते. आठ चाचण्या एकदम, त्यात ग्रंथनामांचे मोठे सॉर्ट, आणि कंटेनरला दोन जीबी.

वर्क_मेम मूळ पदावर नेलं, चाचण्या एका वेळी तीनच ठेवल्या. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिसरा बदल: रिस्टार्ट_आफ्टर_क्रॅश बंद. हे सेटिंग पोस्टग्रेसमध्ये ९.१ पासून आहे आणि मुळात चालू असतं. वाचनालयात ते चालूच हवं, तिथे सर्व्हरने आपणहून उठायलाच हवं. बिल्डमध्ये मात्र पडलेला सर्व्हर पडलेलाच राहू द्या. मग क्रॅशची ओळ लॉगच्या शेवटाशीच राहते आणि छापलेल्या भागात दिसते. ‘-ओ’ पर्यायाने हे एका ओळीत देता येतं. त्याच पर्यायाने लॉगिंग कलेक्टर (लॉग फाइलींत साठवणारी प्रोसेस) चालू करून लॉगची जागा बिल्डच्या फोल्डरमध्ये द्या, म्हणजे तात्पुरता सर्व्हर पुसला गेला तरी पूर्ण लॉग उरतो. बिल्ड मशीनसमोर रात्री कुणी बसलेलं नसतं, तिथे ‘-एस’चा काही उपयोग नाही.

साधन मी बदलणार नाही. एकच हवंय: लॉगचा शेवट छापताना त्यातली पहिली सिग्नलची ओळही सोबत यावी. तोवर बिल्ड पडलं की ती ओळ शोधून सगळ्यात खाली छापणारी छोटी स्क्रिप्ट मी पॅकेजच्या नियमांत घातली आहे. पावत्यांचं पॅकेज मुलुंडला मंगळवारी दुपारी पोचलं, तोपर्यंत तिथल्या काकूंनी दीड दिवस हातानेच पावत्या लिहिल्या होत्या.