माझं प्रामाणिक मत मला ४९४ डॉलर ६५ सेंटला पडलं

"आमचा नवा गेम खेळून प्रामाणिक मत द्या" म्हणत एकाने फाइल पाठवली, मी ती चालवली आणि माझी खाती लुटली गेली. आधी आकडे देतो, म्हणजे ज्यांना फक्त तेच बघायचेत ते बघून जातील. गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या वॉलेटमधले ३८.४५ डॉलर. सहा वर्षं एकेक करून जमवलेल्या स्किन्स (गेममधल्या वस्तूंची रंगरूपं, ती विकता येतात), बाजारभावाने २७१.२०. सेव्ह करून ठेवलेल्या कार्डावरून कोणीतरी घेतलेली ५० ची तीन गिफ्ट कार्डं, म्हणजे १५०. आणि वर ३५ डॉलर, ज्यांच्याबद्दल लिहायची मला अजिबात इच्छा नाही, पण लिहिणार आहे. एकूण ४९४.६५. दुकानाचं नाव घेत नाही, चॅट ॲपचंही नाही. तुम्ही सगळे तीच वापरता.

आता "एवढं कळत नाही का?" म्हणणाऱ्यांसाठी. कळतं हो. गेम विकणारे कसे टोपी घालतात हे मला चांगलं कळतं, गेली कित्येक वर्षं मी त्यावरच लिहितोय. २०१७ मध्ये बॅटलफ्रंट २ हा गेम आला, तेव्हा त्यातलं डार्थ वेडर हे पात्र उघडायला ६०,००० क्रेडिट्स, म्हणजे खेळून कमवायचे गुण, लागायचे. लोकांनी हिशेब मांडला, साधारण चाळीस तास खेळायचं. याला मी तेव्हाच वसुली म्हटलं होतं. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने किंमत पंचाहत्तर टक्क्यांनी खाली आणली. सायबरपंक २०७७ च्या प्री-ऑर्डरसाठी सगळे धावत होते तेव्हा मी हात बांधून बसलो. डिसेंबर २०२० मध्ये तो आला आणि आठवडाभरात प्लेस्टेशन स्टोअरवरून उतरवावा लागला. मी खेळलो ते थेट २०२३ मधल्या २.० अपडेटनंतर, आणि माझं मत अजूनही तेच आहे: शहर अफाट, बाजूच्या कामगिऱ्या मुख्य कथेपेक्षा सरस, गाडी चालवणं मात्र अजून साबणावरून घसरल्यासारखं. द डे बिफोर तर विचारूच नका. विशलिस्टमध्ये, म्हणजे लोकांच्या "घ्यायचाय" यादीत, अग्रभागी असलेला गेम, ७ डिसेंबर २०२३ ला आला आणि ११ डिसेंबरला स्टुडिओने गाशा गुंडाळल्याचं जाहीर केलं. त्याचे ट्रेलर बघूनच मी मित्रांना सांगत होतो की यात खेळण्यासारखं काय आहे ते एकदाही दाखवत नाहीयेत.

सांगायचा मुद्दा, मला नाक आहे. दहा मिनिटांत वास येतो. निदान माझा तसा समज होता, आणि समोरच्याने नेमका तोच समज पकडला.

मेसेज आला तो एका अनोळखी खात्यावरून. दोघांचा छोटा स्टुडिओ आहे, पहिलाच गेम आहे, बेटावरच्या एका दीपगृहाची गोष्ट आहे, बाहेर यायला तीन महिने आहेत, आधी खेळून प्रामाणिक मत द्याल का? इथपर्यंत असे मेसेज सगळ्यांना येतात आणि मी ते न वाचता उडवतो. पण याने माझं आउटर वाइल्ड्स या अंतराळातल्या गेमवरचं मत वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, त्यातलं वाक्य काढून दाखवलं होतं. मी लिहिलं होतं की बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं, तरी हातचं काही जात नाही, कारण त्या गेममध्ये वाढतं ते फक्त तुमचं ज्ञान. यानात नवीन काही बसत नाही, बंदूक मिळत नाही, पातळी वाढत नाही. हे वाक्य वाचून आम्ही आमच्या गेममधून अपग्रेडचा अख्खा पसारा काढून टाकला, असं तो म्हणाला. मी ते मत लिहिलं तेव्हा चार जणांनी "उपयुक्त" वर टिचकी मारली होती. चार. आणि इथे एक माणूस माझ्यामुळे गेम बदलत होता.

फुगलो. लाज वाटते, पण फुगलो.

त्याने पाच स्क्रीनशॉट पाठवले. आता हे नीट वाचा, कारण हा तो क्षण आहे ज्यासाठी मी रोज रात्री स्वतःला शिव्या घालतो. तिसऱ्या चित्रात लाकडी धक्का होता, त्यावर कंदील, बाजूला एक फलक. फलकावरची अक्षरं उलटी होती. आरशात दिसतात तशी. मी झूम करून पाहिलं, खरंच उलटी. कोणीतरी दुसऱ्याच गेमचं चित्र उचलून आडवं पलटवलं होतं, म्हणजे चित्रावरून शोध घेतला तरी मूळ सहजी सापडू नये. हे मला आज कळतं. तेव्हा मी काय केलं? त्याला कळवलं! "तिसऱ्या चित्रातला फलक उलटा आलाय." दोन मिनिटांत उत्तर: असेच डोळे आम्हाला हवे होते, लगेच नोंदवून ठेवतो. आणि मी माझ्या वहीत लिहिलं, "बग क्रमांक १: फलक उलटा." ती वही अजून टेबलावर आहे. चोर घरात शिरत होता आणि मी त्याला दाराची कडी सैल असल्याचं दाखवत होतो, वर शाबासकीही घेत होतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. लिंक दुकानाची नव्हती, फाइल ठेवायच्या एका साध्या जागेची होती. झिप फाइलला पासवर्ड होता. कारण दिलं, गेम अजून गुप्त आहे. खरं कारण असं की पासवर्ड असला की अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही. उघडून मी ती व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर टाकायला गेलोच होतो, अगदीच बावळट नाही मी. फाइल मोठी म्हणून घेतली नाही. तिथे ६५० एमबीची मर्यादा असते, ही ७१८ ची होती. मला वाटलं, व्वा, बराच मोठा गेम दिसतोय. नंतर एका जाणकाराने बघून सांगितलं की त्यातले सातशेच्या आसपास एमबी म्हणजे नुसती शून्यं होती. मर्यादेच्या वर जावी म्हणून कोंबलेला भुसा.

मग अँटीव्हायरस ओरडला. तो स्टुडिओवाला म्हणाला, छोट्या स्टुडिओकडे डिजिटल सही नसते म्हणून विंडोज उगाच कांगावा करते. हे अर्धं खरं आहे, हीच तर मेख आहे. सही नसलेल्या कितीतरी सज्जन गेम्सवर मी याआधी तीच सूचना बघितली आहे आणि "तरीही चालवा" दाबलं आहे. फरक एवढाच की या वेळी अँटीव्हायरस पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. कोणताही गेम, कितीही छोट्या स्टुडिओचा, ते मागत नाही. मागितलं की तिथेच संवाद संपवा. उत्तरही देऊ नका.

रात्री ११.४० ला चालवला. काळी खिडकी, एक चक्र फिरलं, आणि संदेश आला की तुमचं ग्राफिक्स कार्ड चालत नाही. मी त्याची माफी मागितली. कार्डाचं नाव, मेमरी, ड्रायव्हरची आवृत्ती सगळं टाइप करून पाठवलं, म्हणजे त्यांना दुरुस्त करता येईल. त्याने अंगठा दाखवला आणि खातं गायब.

सकाळी फोनवर प्रत्येक ॲप पुन्हा लॉगिन मागत होतं आणि कुठलाच पासवर्ड चालत नव्हता. पण मला जागं केलं ते धाकट्या चुलतभावाच्या फोनने. "दादा, तुझा गेम उघडतच नाहीये. काळी खिडकी येते आणि बंद होतो." माझा गेम? रात्रभर माझ्या खात्यावरून यादीतल्या प्रत्येकाला मेसेज गेले होते: मी एक गेम करतोय, खेळून प्रामाणिक मत दे. त्याने विचारलंही नाही. दादाने पाठवलंय म्हटल्यावर कशाला विचारेल. त्याचे ६२ डॉलर गेले. ते मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, ते मी त्याला देणार आहे. ओळखीच्या माणसाने गेमची फाइल पाठवली तर आधी फोन करून आवाज ऐका. मेसेजवर "तूच ना?" विचारून उपयोग नाही, चोर "हो, मीच" म्हणतो.

"टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डवर आणखी ओटीपी, नव्हतं का?" होतं! दुकानात आणि चॅट ॲपवर, दोन्हीकडे होतं! पण त्या प्रोग्रामला आत शिरायला पासवर्डची गरजच पडली नाही. ब्राउझरमध्ये लॉगिनचं जे टोकन पडून असतं, ज्याच्यामुळे आपल्याला रोज पासवर्ड टाकावा लागत नाही, तेच उचलून नेलं. त्याच्या जोरावर समोरचा आधीच आत असतो, ओटीपी कोणाला विचारणार? म्हणून असं झालं तर आधी दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून "सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट" करा, मग पासवर्ड बदला. मी उलटं केलं. त्याच बाधित संगणकावर बसून ईमेलचा नवा पासवर्ड टाकला आणि तो नवाही त्यांना मिळाला.

आता दुकानाच्या मदत-विभागाबद्दल. पहिलं उत्तर यंत्राचं: पासवर्ड बदलून पाहा. दुसरं नऊ दिवसांनी: खात्याची मालकी सिद्ध करा, पहिल्या खरेदीची पावती पाठवा. पावती ईमेलमध्ये, ईमेल चोराकडे. हे मी तीन वेळा, तीन वेगवेगळ्या शब्दांत कळवलं. उत्तर आलं, पावती ईमेलमध्ये मिळेल. शेवटी जुन्या कार्डाचं स्टेटमेंट शोधून पाठवलं तेव्हा एकविसाव्या दिवशी खातं परत मिळालं, रिकामं. स्किन्स? परत देत नाही, धोरण आहे. पण त्या आता कोणत्या खात्यात आहेत ते तुम्हाला दिसतंय ना? दिसतं, पण व्यवहार तुमच्याच मंजूर सत्रातून झाला आहे. वॉलेट? तेच. चॅट ॲपवाल्यांनी तर कळसच केला: माझं खातं मेसेजचा भडिमार करतंय म्हणून मलाच बंदी घातली, आणि चोराचं खातं "नियमभंग आढळला नाही" म्हणून सोडून दिलं. कार्डवाले म्हणाले, खरेदी तुमच्या ओळखीच्या उपकरणावरून आहे, सबब वाद मान्य नाही.

मग पोलीस. तासभर बसवल्यावर समोरच्या साहेबांनी विचारलं, नेमकं काय चोरीला गेलं? मी म्हटलं, स्किन्स. म्हणजे? गेममधल्या बंदुकांचे रंग. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बंदूक नाही, बंदुकीचा रंग. तोही चित्रातला." शेजारच्या टेबलावरचे हसले. मी २७१.२० चा बाजारभाव छापून नेला होता, तो कागद त्यांनी उलटा करून त्यावर दुसऱ्याच कोणाचा नंबर लिहून घेतला. तक्रार घेतली, पण त्यात "ऑनलाइन खेळात पैसे हरला" असं लिहिलं. मी हरलो नाही हो! दुरुस्त करा म्हटलं तर म्हणाले, उद्या या. उद्या गेलो तर ते सुट्टीवर. वर ऐकवलं काय, तर या वयात गेम खेळता. म्हणजे वय जास्त असलं की चोरी माफ?

आणि ते ३५ डॉलर. सगळीकडून हात हलवत परतल्यावर मी एका ठिकाणी वैतागून दोन ओळी लिहिल्या. अर्ध्या तासात एकाने सांगितलं, माझंही असंच झालं होतं, अमुक माणसाने स्किन्स परत काढून दिल्या. तो अमुक फार सभ्य बोलला. मदत-विभागाने तीन आठवड्यांत मला विचारला नव्हता तो प्रश्न त्याने विचारला: "जास्त वाईट कशाचं वाटतंय?" मी पैसे पाठवले. त्यानंतर तो बोलला नाही. लुबाडलेल्या माणसाभोवती हे दुसरे घिरट्या घालतच असतात. परत मिळवून देणारा कोणीही खरा नसतो, एकही नाही.

खरी चाचणी कशी असते तेही सांगतो. स्टीमसारख्या दुकानात गेमच्या स्वतःच्या पानावर "प्लेटेस्ट" चं बटण असतं, तिथून परवानगी मागायची, फाइल दुकानातून येते. अर्थात तिथेही डोळे मिटू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये पायरेटफाय नावाचा फुकट गेम खुद्द स्टीमवरच आला होता, त्यात असाच माहिती चोरणारा प्रोग्राम निघाला आणि तो काढेपर्यंत लोकांनी डाउनलोड केला होता. कार्ड दुकानात सेव्ह करू नका. बाधित संगणक "साफ" करत बसू नका, पुसून विंडोज नव्याने टाका.

खातं परत मिळाल्यावर मी माझं मतांचं पान उघडलं, आणि तिथे मात्र माझा धीर सुटला. त्या एकवीस दिवसांत माझ्या नावाने चौदा नवी मतं पडली होती. कधी नावही न ऐकलेल्या भंगार गेम्सना "डोळे झाकून घ्या", "वर्षातला सर्वोत्तम". मी ज्या नो मॅन्स स्कायला २०१६ मध्ये नापास केलं आणि पुढची अपडेट्स खेळून, चूक कबूल करून, पास केलं, त्या मताच्या वर आता एका चोरलेल्या चित्रांच्या कोड्याची स्तुती होती. तेरा मतं मी पुसली. चौदावं पुसलं जात नाहीये, काहीतरी तांत्रिक अडचण आहे. मदत-विभाग म्हणतो, मत तुमच्याच खात्यावरून दिलेलं आहे.

त्याला एकतीस जणांनी "उपयुक्त" म्हटलंय.