बेअरग्रीझ की इडिटारॉड? श्वानस्लेज शर्यतीत स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

अलास्कातील इडिटारॉड आणि मिनेसोटातील जॉन बेअरग्रीझ या कुत्र्यांनी ओढायच्या बर्फावरच्या गाडीच्या, म्हणजे स्लेजच्या, दोन शर्यतींपैकी कोणत्या शर्यतीत स्वयंसेवक म्हणून काम करावे, असा प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या आणि कुत्र्यांवर जीव असणाऱ्या मराठी माणसाला पडू शकतो. नॉर्वेतील फिनमार्क्सलोपेत ही तिसरी शर्यतही विचारात घेण्यासारखी आहे. तिच्याविषयी पुढे थोडक्यात लिहिले आहे. निवड करताना आपले लक्ष आधी शर्यतीच्या नावलौकिकाकडे जाते. माझ्या मते मात्र पहिल्याच वर्षी आपल्या वाट्याला कोणते काम येईल आणि ते करताना कुत्रे आपल्या किती जवळ असतील, हे आधी पाहायला हवे. या कसोटीवर नवख्या माणसासाठी बेअरग्रीझ उजवी ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही शर्यतींच्या आवाक्यात मोठा फरक आहे. 1973 मध्ये सुरू झालेली इडिटारॉड सुमारे 1600 किलोमीटरची असून ती मार्चच्या पहिल्या शनिवारी अँकरेजमधील समारंभाने सुरू होते. खरी शर्यत एरवी दुसऱ्या दिवशी विलो येथून सुटते आणि बेरिंग समुद्राच्या किनाऱ्यावरील नोम गावी संपते. विजेत्याला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, तर शेवटचा संघ, म्हणजे एक मशर (स्लेज हाकणारा) आणि त्याचे कुत्रे, त्यानंतर कित्येक दिवसांनी पोहोचतो. बेअरग्रीझची मुख्य शर्यत सुमारे 480 किलोमीटरची असते. ती जानेवारीच्या अखेरीस डुलुथहून निघते, सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या जंगलातून ग्रँड पोर्टेजकडे जाते आणि दोन-तीन दिवसांत उरकते. तिला ज्यांचे नाव दिले आहे ते जॉन बेअरग्रीझ हे अनिशिनाबे या मूळ अमेरिकी समाजाचे टपालवाहक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, किनाऱ्यावर धड रस्ता नसताना, ते हिवाळ्यात कुत्र्यांच्या स्लेजवरून टू हार्बर्स ते ग्रँड मरे टपाल पोहोचवीत असत.

इडिटारॉडचे बहुतेक चेकपॉइंट, म्हणजे वाटेतील नोंदीचे आणि विश्रांतीचे थांबे, रस्त्याने जोडलेले नाहीत. तेथे माणसे, गवताच्या गासड्या आणि कुत्र्यांचे खाणे लहान विमानांनी न्यावे लागते आणि ही विमाने चालविणारे वैमानिकही स्वयंसेवकच असतात. विमानातील जागा मोजक्या असल्यामुळे अशा ठिकाणी पशुवैद्य, संपर्कयंत्रणा सांभाळणारे आणि आधी काम केलेले लोक यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे. नवख्या माणसाने अँकरेजमधील कामांची तयारी ठेवावी. शहरातील वाटेवर गर्दी आवरणे, शर्यतीतून माघारी पाठविलेल्या कुत्र्यांची देखभाल करणे आणि सुरुवातीच्या रेषेपर्यंत संघ नेणे ही त्यांतील प्रमुख कामे होत. यांपैकी शेवटचे काम वाटते तितके सोपे नाही. ट्रकमधून उतरलेले कुत्रे धावण्यासाठी इतके उतावीळ असतात की मधल्या मुख्य दोराला आपापले पट्टे अडकवून अनेक जणांना त्यांना रोखत चालावे लागते. शहराच्या रस्त्यावर मुद्दाम आणून पसरलेल्या सैल बर्फात पाय घसरला, तर मागून स्लेज येत असते. म्हणून या कामासाठी आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. सुटण्याच्या क्षणापर्यंत कान किटतील असे भुंकणारे कुत्रे दोर सुटताच एकदम गप्प होऊन धावू लागतात, हे हातभर अंतरावरून पाहायला मिळते. मात्र तो सोहळा काही तासांतच संपतो आणि पुढची शर्यत आपल्यालाही इतरांसारखी नकाशावरच पाहावी लागते.

बेअरग्रीझचे चेकपॉइंट मोटारीने गाठता येतात, शर्यतीची वाट अनेक ठिकाणी रस्ते ओलांडते आणि अशा प्रत्येक ठिकाणी माणसे लागतात. रात्री दोन वाजता, आजूबाजूला फक्त स्प्रूसची झाडे असताना, दोघा-तिघांनी रस्त्यावर उभे राहून वाहने थांबवायची, संघ पलीकडे सुखरूप गेला की मशरच्या अंगावरील क्रमांक आणि वेळ नोंदवायची, आणि पुढचा संघ येईपर्यंत, कधी पाऊण तास, कधी त्याहून अधिक, तेथेच थांबायचे. कुत्रे धावताना भुंकत नसल्यामुळे आधी दिसतो तो मशरच्या कपाळावरील दिवा. मग त्या प्रकाशात चमकणारे कुत्र्यांचे डोळे, पायांतील रंगीत कापडी बूट आणि श्वासाची वाफ. चेकपॉइंटवर याहून जवळचे काम असते: आलेले कुत्रे मोजणे, संघाला थांबण्याची जागा दाखविणे, आणि संघ गेल्यावर वापरलेले गवत व विष्ठा गोळा करून जागा पुढच्यासाठी स्वच्छ करणे. हे शेवटचे काम नकोसे वाटणाऱ्याने कोणत्याच शर्यतीच्या चेकपॉइंटवर जाऊ नये.

येथे एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. आपल्याकडच्या मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्याच्या हातात पाणी आणि केळे देणे हेच स्वयंसेवकाचे काम असते. इडिटारॉडमध्ये मात्र मशरला बाहेरची मदत घेण्यास मनाई आहे. स्वतः झोपेने पेंगत असला तरी त्यानेच कुत्र्यांखाली गवत पसरायचे, बर्फ वितळवून त्यांना ऊन ऊन खाणे द्यायचे आणि त्यांचे पाय तपासायचे. आपण नोंद करणारे साक्षीदार असतो. बेअरग्रीझमध्ये मशरची स्वतःची मदतनीस मंडळी ट्रक घेऊन चेकपॉइंटवर येतात, तरीही विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावणे किंवा खाऊ देणे दोन्हीकडे चूकच आहे.

थंडीच्या बाबतीत अलास्काचे नाव मोठे आहे. तेथील अंतर्भागात पारा उणे 30 ते 40 अंशांपर्यंत उतरतो. तरीही उणे 20 अंशांत रस्त्याकडेला निश्चल उभे राहणे हे उणे 30 अंशांत हालचाल करीत राहण्यापेक्षा अधिक जाचक ठरू शकते, हे बेअरग्रीझला जाणाऱ्याने विसरू नये. अंगाला लागून सुती कपडे घालू नयेत, कारण घामाने ओले झालेले सूत अंगातील ऊब शोषून घेते. आतून लोकर, पायात एक माप मोठे बूट, आणि फोनची बॅटरी थंडीने बसते म्हणून तो आतल्या खिशात, एवढे तरी पाळावे.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. मिनियापोलिसहून डुलुथ मोटारीने अडीच तासांवर आहे. एक शनिवार-रविवार आणि जोडून दोन दिवसांची रजा पुरते. अँकरेजला विमानप्रवास आणि बहुधा आठवडाभराची तरी रजा लागते, आणि नोमला तर रस्ताच नसल्यामुळे आणखी एक विमान. अनिश्चितता मात्र दोन्हीकडे आहे. बर्फ नसल्यामुळे 2024 ची बेअरग्रीझ रद्द झाली, तर इडिटारॉडची सुरुवात 2003, 2015, 2017 आणि 2025 मध्ये अलास्कातच उत्तरेकडे असलेल्या फेअरबँक्सला हलवावी लागली. परत न मिळणारे तिकीट म्हणूनच काढू नये.

युरोपात राहणाऱ्यांसाठी मार्चमध्ये आल्टाहून निघणारी, सुमारे 1200 किलोमीटरची फिनमार्क्सलोपेत हा चांगला पर्याय आहे. लांबी इडिटारॉडच्या जवळपास जाणारी, पण संघांचे मदतनीस मोटारीने सोबत फिरू शकतील असे रस्ते, असा दोहोंमधला मेळ तिथे आहे. भारतातून थेट जाऊ इच्छिणाऱ्यांनी, शर्यत कोणतीही असो, विनावेतन काम आपल्या व्हिसात बसते का, हे वकिलातीकडून आधी विचारून घ्यावे.

इडिटारॉडच्या संदर्भात आणखी एक बाब टाळता येणार नाही. 2024 च्या शर्यतीत तीन कुत्रे मृत्युमुखी पडले आणि प्राणिहक्क संघटनांचा तिला दीर्घकाळ विरोध आहे. पशुवैद्य जागोजागी कुत्र्यांना तपासतात आणि त्यांच्या नोंदींची वही मशरला सोबत बाळगावी लागते, हेही खरे. ज्यांचे मन या प्रश्नावर अजून ठरलेले नाही त्यांनी लहान शर्यतीत चेकपॉइंटवर काम करून, विश्रांतीला आलेले कुत्रे कसे खातात, कसे झोपतात आणि पुन्हा उठताना कसे उभे राहतात हे स्वतः पाहावे आणि मगच मत बनवावे.

बेअरग्रीझ निवडलीत, तर नाव नोंदविताना रात्रीची पाळी आणि दूरचा चेकपॉइंट चालेल असे आपणहून कळवावे. डुलुथमधील सुरुवातीला हौशी माणसे पुष्कळ येतात. पहाटे तीनला जंगलातल्या रस्त्यावर उभे राहायला तयार असणारी थोडी असतात.