‘अँटिबायोटिक-फ्री’ चिकन: माल चांगला, लेबल अर्धंच

पणजी-म्हापशाच्या सुपरमार्केटांत मिळतं ते अर्ध्या किलोचं पाकीट, हाडासकट करी कट. तुकडे सारखे, वास नाही, तळाला पाणी शोषणारा पॅड असल्यामुळे पिशवीत ओघळ नाही. तारीख, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, ० ते ४ अंशांत ठेवायची सूचना, सगळं जागच्या जागी. मालाला चार तारे.

लेबलाला दोनच. ‘अँटिबायोटिक-फ्री’चा अर्थ फार तर एवढाच, की कोंबडीला औषध दिलं नाही किंवा मांसात त्याचा अंश उरला नाही. जंतूंबद्दल त्यात अवाक्षर नाही. कापताना आतड्यातला ई. कोलाय नाहीतर साल्मोनेला मांसाला लागतो, आणि औषधाला दाद न देणारा जंतू पिल्लांतून, पाण्यातून, आधीच्या तुकडीच्या खुराड्यातूनही आलेला असू शकतो. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन, म्हणजे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक, वापरायला २०१९ मध्ये आपल्याकडे बंदी आली, हे बरंच झालं. पण तयार झालेले जंतू सरकारी आदेश वाचत नाहीत.

औषधाला न जुमानणारा जंतूही आचेला मात्र जुमानतो. आतपर्यंत ७५ अंश झाले की साधा काय, हट्टी काय, दोन्ही मरतात. शागुतीचा रस्सा रटरटून शिजतो, त्याची चिंता नाही. हिरव्या मसाल्यात मुरवून भाजायच्या काफ्रियलची आहे: मांडीचा तुकडा बाहेरून खरपूस होतो आणि सांध्याशी कच्चा राहतो. थर्मामीटरची सुई सगळ्यात जाड भागात खुपसा, टोक हाडाला लागू देऊ नका, आकडा चुकतो. लिंबू-व्हिनेगरच्या हिरव्या मसाल्यात रात्रभर मुरवल्याने जंतू मरत नाहीत, त्यामुळे मुरवायचं तेही फ्रिजमध्येच, खालच्या कप्प्यात, झाकून. डीप फ्रीझरमध्येही ते मरत नाहीत, नुसते थांबतात.

पाकिटावर ‘धुऊ नका’ एवढे दोन शब्द हवे होते. नळाखाली धरलं की तुषार ओट्यावर, ताटांवर उडतात. आणि चिकन ठेवलेल्याच पाटावर काफ्रियलसोबतचा कांदा चिरला तर तो जंतूंसकट कच्चाच पोटात जातो. तिथे औषधाला दाद न देणारा जंतू आपलं प्रतिकाराचं जनुक आतड्यातल्या इतर जंतूंनाही देऊ शकतो. कांद्याला पाट-सुरी वेगळी, किंवा कांदा आधी चिरून ठेवा.

घरपोच मागवलंत तर पाकीट दारातच हाताला लावून बघा. गार नसेल तर परत करा.