"सूज आहे मॅडम, थांबा", अकरा महिने हेच ऐकतेय

आधीच सांगते, जबड्याचं आणि गालाचं हाड कापून चेहरा बारीक करायचं माझं ऑपरेशन बिघडलं असं नाही. टाके भरले, इन्फेक्शन झालं नाही, हाडं जुळली. तरी मी फसले, आणि ते कसं हे माझं मलाच कळायला सहा महिने गेले, म्हणून लिहितेय.

मला माझा जबडा समोरून रुंद वाटायचा, फोटोत खालचा चेहरा चौकोनी दिसतो असं. बस, एवढंच होतं माझं. गालाच्या हाडाचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता, तो विचार कॉस्मेटिक सर्जरीच्या क्लिनिकमध्ये गेल्यावर मिळाला, फुकटात.

पहिल्या भेटीत पाऊण तास माझ्याशी बोलली ती क्लिनिकची कोऑर्डिनेटर, डॉक्टर नव्हे. अंगात पांढरा कोट होता म्हणून मी तिला डॉक्टर मॅडम, डॉक्टर मॅडम करत होते आणि तिनेही दुरुस्त केलं नाही. सर्जन आले शेवटची सात-आठ मिनिटं, हनुवटी धरून चेहरा इकडेतिकडे वळवला, "छान रिझल्ट येईल" म्हणाले आणि गेले. बाकी सगळं तिनेच सांगितलं. टाके तोंडाच्या आतून म्हणजे बाहेर व्रण नाही, सात दिवसांत कामावर, दोन आठवड्यांत तर कुणाला कळणार पण नाही. आणि नुसता जबडा केला तर गाल मोठे दिसतील मॅडम, दोन्ही एकदम करून घ्या, आजच ॲडव्हान्स भरलात तर गालाचं निम्म्यात करून देतो. निम्म्यात म्हटलं की माझं डोकं बंद पडतं. हाड कापायचंय आणि त्याचा सेल लागलाय, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

मग फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. ते फोटो मी आता पुन्हा नीट बघितले, कारण तेव्हा मोबाईलवर पाठवून घेतले होते. आधीच्या फोटोत केस मागे घट्ट बांधलेले, लाईट वरून, हनुवटी खाली, चेहरा पडलेला. नंतरच्या फोटोत मेकअप, हलकं हसू, आणि दोन्ही बाजूंनी मोकळे सोडलेले केस, नेमके जिथं हाड कापलं तिथंच. एकाही फोटोखाली ऑपरेशननंतर किती महिन्यांनी काढला ते लिहिलेलं नाही. कॉम्प्युटरवर माझाही चेहरा बारीक करून दाखवला होता, पण ते सॉफ्टवेअर फोटो दाबतं हो, हाड नाही, कातडी नाही, स्नायू तर नाहीच.

संमतीपत्र मिळालं ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, अंगात गाऊन, हाताला सलाईनची सुई टोचलेली. बारीक टाईपची कित्येक पानं. "फॉर्मॅलिटी आहे, इथं इथं सही." घरी आल्यावर वाचलं तर त्यात सगळं होतं, ओठ बधिर होऊ शकतो, गाल सैल पडू शकतात, दोन बाजू सारख्या होतीलच असं नाही. म्हणजे कागदावर त्यांनी मला सगळं सांगितलेलं आहे!

आता रिकव्हरी. सूज पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते हे मला माहीतच नव्हतं, तिसऱ्या दिवशी आरशात बघून मला वाटलं काहीतरी भयंकर चुकलंय. सातव्या दिवशी, ज्या दिवशी मी कामावर जाणार होते, त्या दिवशी माझा चेहरा ऑपरेशनच्या आधीपेक्षा रुंद होता, निळं-पिवळं रक्त साकळत गळ्यापर्यंत उतरलेलं, तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं, सगळं पातळ करून सिरिंजने घ्यायचं, चोवीस तास डोक्याभोवती तो पट्टा आणि झोपायचं पाठ टेकून अर्धवट बसून. चौथ्या-पाचव्या दिवशी मी विनाकारण रडत होते. नंतर कळलं की असं खूप जणांचं होतं, भूल, औषधं, उपाशीपण आणि तो आरसा, सगळं मिळून. आधी कुणी एक वाक्य सांगितलं असतं तर इतकी घाबरले नसते.

आणि ओठ. जबड्याच्या हाडातून एक नस जाते, ती हनुवटीजवळ बाहेर येते, खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना तिच्यावर. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते. बहुतेकांची काही आठवड्यांत-महिन्यांत मुंग्या येत येत परत येते, काहींची पूर्ण येत नाही. पाचव्या आठवड्यात मी ग्लासने पाणी पीत होते आणि बहीण माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं पूस की." काय पुसू ते मला कळेना. टॉपचा गळा भिजला होता. लिपस्टिक लावायला घेतली तर दुसऱ्या कुणाच्या तरी ओठाला लावतेय असं वाटायचं, आरशात बघितल्याशिवाय कड सापडायची नाही. अजून डावीकडे नाण्याएवढी जागा तशीच आहे.

तर खरी फसवणूक कुठंय सांगते. सूज खरीच असते. मोठी सूज महिनाभरात उतरते, पण उरलेली हळूहळू सहा महिने, कधी वर्षभर उतरत राहते. म्हणून "सूज आहे, थांबा" हे वाक्य कुणाला खोटं म्हणताच येत नाही, आणि ते प्रत्येक प्रश्नाला चालतं. समोरून काहीच फरक नाही? सूज आहे. डावी-उजवी वेगळी? सूज आहे. चौथ्या महिन्यात गाल खाली ओघळल्यासारखे दिसायला लागले, नाकापासून तोंडापर्यंतची रेघ खोल झाली, त्यालाही सूज! मी म्हटलं सूज उतरली म्हणूनच तर हे दिसतंय ना, तर सूज उतरवायचं लेझर पॅकेज घ्या म्हणाले, आणि मी घेतलं पण. नंतर गाल वर ओढायचे थ्रेड, म्हणजे कातडीखालून घालायचे दोरे, सुचवले, तिथं मात्र मी थांबले.

सहाव्या महिन्यात दुसऱ्या सर्जनकडे गेले. त्यांनी नवा सीटी स्कॅन काढून स्क्रीनवर कवटी फिरवून दाखवली. जबड्याचा मागचा कोपरा कापला की फरक मुख्यतः बाजूने दिसतो, कानाखालची रेघ बदलते. समोरून रुंदी कमी करायची तर हाडाचा बाहेरचा थर काढावा लागतो, आणि ती रुंदी चावायच्या स्नायूची असेल तर हाड कापून फार काही होतच नाही. माझा तो स्नायू जाड आहे. हे त्यांना बोट ठेवून, दात घट्ट आवळायला सांगून, अर्ध्या मिनिटात कळलं. म्हणजे मी मागितलं समोरचं, मिळालं बाजूचं, आणि वर गालाचं हाड आत सरकवल्यामुळे त्यावरचं मांस सैल झालं ते वेगळं. कापलेलं हाड परत मिळत नाही. पुढचं काय ते वर्ष पूर्ण झाल्यावर बघू म्हणाले, आत्ता काहीच करू नका. अशा माणसाकडे मी आधी का गेले नाही, हा विचार रात्री येतो.

कुणी जाणार असाल तर सर्जनला, कोऑर्डिनेटरला नाही, एवढं नक्की विचारा की माझी रुंदी हाडाची, स्नायूची की चरबीची, आणि ऑपरेशन स्वतः तुम्हीच करणार का. एक वर्षानंतरचे केस बांधलेले फोटो मागा. संमतीपत्र आठ दिवस आधी घरी न्या. आणि सीटी हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, कारण माझा ऑपरेशनआधीचा सीटी मागितला तर "सिस्टिम बदललीय" म्हणतात, आणि तो नसेल तर किती कापलं हे मी दाखवणार कशाशी.

मागच्या आठवड्यात पुन्हा लेखी अर्ज दिला. काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारून पोच दिली, माझ्या चेहऱ्याकडे जरा बघितलं आणि विचारलं, "मॅडम, थ्रेडचं बुकिंग करायचंय का?"