कोकणात जायला नेकेड की फेअरिंगवाली? जिक्सर २५० आणि एसएफ २५०

मुंबईत राहून हायवेसाठी बाइक घ्यायची असेल तर आधी एक लक्षात घ्या, चांगले मोठे रस्ते आपल्याला बंद आहेत. पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला मनाई, अटल सेतूवर मनाई, समृद्धीवरही मनाई. उरतो जुना पुणे रस्ता, कसारा घाट, अहमदाबाद हायवे आणि आम्हा चिपळूणकरांचा मुंबई-गोवा. त्यात चौपदरी रस्त्यावर बाइकला कायद्याने ८० ची मर्यादा. फेअरिंग, म्हणजे गाडीला पुढून आणि बाजूंनी झाकणारं प्लास्टिकचं कवच, हवं की नको (नको तर ती नेकेड) हे या रस्त्यांवर ठरवायचं, रेस ट्रॅकचे व्हिडिओ बघून नाही.

आमच्या घरात दोन्ही आहेत. माझी सुझुकी जिक्सर २५०, दादाची जिक्सर एसएफ २५०. तुलनेला याहून चांगली जोडी मिळणार नाही, कारण इंजिन एकच आहे: २४९ सीसी, ऑइल कूल्ड, २६.५ पीएस, सहा गिअर. टाकी दोन्हींची १२ लिटर, सीट ८०० मिलिमीटर उंच. फरक फेअरिंगचा, हँडलचा आणि वजनाचा. माझी १५६ किलो, त्याची १६१. भांडुपहून निघालो की माणगावला चहाला थांबतो आणि तिथून गाड्यांची अदलाबदल करतो. त्यामुळे दिवस तोच, वारा तोच, गाडी तेवढी वेगळी.

आता वारा. ६० वरून ८० वर गेलात की अंगावरचा वाऱ्याचा जोर पावणेदोन पटीने वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वरून पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे गणपतीला गावी जाताना तो समोरून तिरका येतो. काटा ८० दाखवतो, पण छातीला ९५-१०० चा वारा लागतो. नेकेडवर हा सगळा मार छाती आणि हेल्मेट खातात. पेण सोडून नागोठणे येईपर्यंत माझे खांदे आखडलेले असतात, कारण वारा मागे ढकलतो आणि आपण नकळत हँडल ओढून धरतो. मानेच्या मागची शीर दुसऱ्या दिवशीही बोलते. परतीला तोच वारा पाठीशी असतो आणि गाडी एकदम शहाणी वाटायला लागते.

एसएफवर बसलं की पहिल्या पाच मिनिटांत फरक कळतो. छातीवरचा दाब जातो, जॅकेट फडफडायचं थांबतं, पावसात मांड्या आणि नडग्या बऱ्यापैकी कोरड्या राहतात. पण एक बारकावा आहे जो शोरूमवाला सांगत नाही. माझी उंची पाच फूट तीन. फेअरिंगच्या वरच्या काचेवरून उडालेला वारा माझ्या हेल्मेटच्या वरून निघून जातो. दादा पावणेसहा फुटांच्या पुढे. तोच वारा त्याच्या बरोबर कपाळावर येऊन आदळतो आणि हेल्मेट सारखं थरथरतं. माणगावला उतरला की पहिली दोन मिनिटं तो मोठ्याने बोलतो. म्हणजे एकच फेअरिंग मला आराम देतं आणि त्याला डोकेदुखी.

हँडलचंही तसंच. एसएफचे क्लिप-ऑन, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळे बसवलेले आखूड हँडल, फार खाली नाहीत, पण माझ्या रुंद हँडलपेक्षा पुढे झुकवतातच. ८० ला समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो, मनगटं मोकळी राहतात. माणगावच्या बाजारातला जाम लागला, गाडी चालीच्या वेगाने सरकायला लागली, की तो आधार गेला आणि सगळं वजन तळव्यांवर आलं. वर फेअरिंगच्या आतून गुडघ्यांकडे येणारी इंजिनाची धग. मे महिन्यात हे सहन होत नाही.

आणि घाट. कशेडीला आता बोगदा झालाय, पण चिपळूणहून कराडला कुंभार्ली घाटाने रात्री जाऊन बघा. नेकेडचा हेडलाइट फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर असतो, हँडलबरोबर वळतो. फेअरिंगवालीचा हेडलाइट फेअरिंगला बसवलेला, तो गाडीचं तोंड जिकडे तिकडेच बघतो. केसपिनी वळणावर हँडल वळलेलं असतं आणि उजेड मात्र समोरच्या कठड्यावर पडलेला. वळणाच्या आतल्या बाजूची खडी, शेण, बसलेली गुरं दिसायच्या आत चाक तिथे पोचलेलं असतं. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. मानेचं दुखणं तेल लावून जातं, अंधारात न दिसलेल्या खडीचं काय करणार?

बाजूच्या वाऱ्याचंही सांगते. घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलावर खाडीचा वारा आडवा येतो. फेअरिंगची सपाट बाजू तो दाराच्या फळीसारखी धरतो आणि १६० किलोची गाडी लेनमध्ये हलते. नेकेडमधून तो बराचसा आरपार निघून जातो. फेअरिंगचं मेंटेनन्स थोडक्यात: गाडी उभ्या उभ्या आडवी झाली तरी पॅनल तडकतो, आणि तो रंगासकट बदलावा लागतो.

मी मधला मार्ग काढला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एक छोटी टूरिंग काच बसवून घेतली. छातीवरचा मार निम्म्यावर आला असं मला वाटतं, खांद्यांना वारा लागतो तो लागतोच. किमतीत दोन्ही गाड्यांचा फरक दहा हजारांच्या आसपास, काच त्याच्या एका कोपऱ्यात बसते.

ज्यांची सासुरवाडी सुरतेला किंवा नोकरी वापीला आहे, तासन् तास सरळ रस्ता आणि ८० चा काटा, त्यांनी बेलाशक एसएफ घ्यावी. त्या रस्त्यावर नेकेड घेणं म्हणजे स्वतःच्या मानेशी वैर. कोकण, ताम्हिणी, जुना पुणे रस्ता असं फिरणं असेल तर नेकेड आणि वर काच.

एसएफची टेस्ट राइड घेताना हेल्मेट स्वतःचं न्या, शोरूमचं नको. गल्लीत चक्कर मारून परत येऊ नका. पूर्व द्रुतगतीवर रविवारी सकाळी सातला ऐरोली जंक्शन ते ठाणे एवढं अंतर मर्यादेत राहून नीट चालवा आणि हेल्मेट थरथरतंय का एवढंच बघा. थरथरत असेल तर मुद्दाम थोडं खाली वाकून बघा. वाकल्यावर थांबलं, तर काच तुमच्या उंचीला तोकडी आहे, आणि उंच काच मिळते का ते बुकिंगच्या आधी विचारा.